काही मिनिटांची आगगाडी : 'सेकाइ नो शासोऊ कारा' कोणी पाहता का?

सांदण

जपानच्या टीव्ही आसाही वाहिनीवर 'सेकाइ नो शासोऊ कारा' (म्हणजे 'जगभरच्या गाड्यांच्या खिडकीतून') नावाचा एक कार्यक्रम लागतो. जगभरातल्या गाड्यांच्या खिडकीतून दिसणारं जग, एवढाच विषय. १ जून १९८७ ला सुरू झाला. एक भाग जाहिरात धरून जेमतेम काही मिनिटांचा. भागांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे आणि शंभरावर देश फिरून झालेत.

माझं मत आधीच सांगतो. रेल्वेप्रवासाबद्दल पडद्यावर मी जे काही पाहिलंय त्यात इतकं प्रामाणिक काम दुसरं नाही. सूत्रसंचालक नाही. कॅमेऱ्यासमोर येऊन 'वाव, बघा मंडळी' म्हणणारं कोणी नाही. गाडी सुटते, डबा दिसतो, डब्यातली माणसं दिसतात, कोणीतरी पिशवीतून खायला काढतं, बाहेर शेत सरकतं. मधेच लांबून, टेकडीवरून टिपलेली तीच गाडी. निवेदन केन्जिरो इशिमारू या अभिनेत्याचं, अगदी पहिल्यापासून. दोन-तीन वाक्यं बोलून ते गप्प होतात आणि रुळांचा आवाज ऐकू देतात. शीर्षकसंगीत हाजिमे मिझोगुची यांचं, चेलोवर. ते सुरू झालं की जपानी घरात लहान पोरंसुद्धा ओळखतात.

तीन प्रश्न आहेत. कोणी नियमित पाहिलाय का? एवढीशी गोष्ट इतकी वर्षं टिकते ती कशामुळे? आणि असं काही आपल्याकडे करायचं ठरवलं, तर पहिला मार्ग कोणता घ्याल?

चकली

पहिला मार्ग ठाणे–दिवा. संध्याकाळी सातची गाडी. खिडकी दिसली तर कार्यक्रमाचं नाव सार्थ, नाही दिसली तर 'जगभरच्या काखेतून'.

अप_डाऊन

चकलीताई :-)

सांदण, मी यूट्यूबवर तुकडे पाहिलेत. जपानी शून्य कळतं तरी पाहत बसतो. माझ्या बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवस वाचायचं नव्हतं, तेव्हा त्यांना आवाज ऐकायला म्हणून लावून दिला होता. ते म्हणाले, "हा माणूस बातम्या देत नाहीये ना? मग राहू दे."

निशिकासाई

तोक्योहून लिहितेय. नावावरून कळलंच असेल, तोझाई लाइनवरचं स्टेशन, भारतीयांची बरीच वस्ती आहे इथे. कार्यक्रम वर्षानुवर्षं रात्री उशिराच्या बातम्यांना लागून असायचा. त्याची वेळ समजून घेतली की तो का टिकला ते निम्मं कळतं. इथे नोकरदार माणूस रात्री साडेदहा-अकराला घरी पोचतो. जेवण समोर, टाय सैल केलेला, बातम्यांत भूकंप आणि मंत्र्यांचे राजीनामे. त्याच्यानंतर हे. दिवस संपल्याची घंटा असते ती. तासाभराचा असता तर कोणी पाहिला नसता, झोपायचं असतं. आमचे शेजारी आजोबा म्हणायचे, भाग संपला की दात घासायला उठायचं हे त्यांच्या घरात ठरलेलं आहे.

आणि एक. पुरस्कर्ता सुरुवातीपासून एकच, फुजित्सू. त्यामुळे दर आठवड्याला 'प्रेक्षक का घटले' म्हणून मानेवर कोणी बसलं नसावं, असा माझा अंदाज. अंदाजच म्हणते आहे.

हर्षदा_कु

मला थोडं वेगळं वाटतं. मी काही भाग पाहिले आणि मला ते फार धुऊनपुसून ठेवलेलं जग वाटलं. गाडी वेळेवर, डोंगर हिरवे, म्हातारा हसतो, मूल हात हलवतं. जगातल्या बहुतेक गाड्या अशा नसतात. आपल्या जनरल डब्यातून पाटणा ते दादर आलेल्या माणसाला विचारा खिडकीचं कौतुक. त्याला खिडकी मिळालेलीच नसते, संडासाच्या दाराशी बसून आलेला असतो. आरामात बसलेल्याने दुसऱ्या आरामात बसलेल्याला दाखवलेलं जग, असं माझं मत.

सांदण

हर्षदा, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण अर्धाच. महागड्या पर्यटक गाड्या तिथे असतात हे खरं. पण मला आवडलेले भाग साध्या पॅसेंजर गाड्यांचेच आहेत. कोंबड्या घेऊन चढणाऱ्या बायका, जागेवरून चाललेली बाचाबाची, तीन तास उशीर. निवेदक त्यावर 'बिचारे गरीब' असा सूर लावत नाही आणि 'किती साधं सुंदर जीवन' असंही म्हणत नाही. बाई चढली, बसली, पुढच्या गावच्या बाजाराला चालली आहे. संपलं. मला हा संयम मोठा वाटतो.

सांजवेळ

वाचनखूण साठवली. मला यातलं काळाचं अंग सर्वांत जास्त भावतं. १९८७ साली सुरू झाला म्हणजे काय, ते बघा. तेव्हा जर्मनी दोन होते. सोव्हिएत संघ होता. युगोस्लाव्हिया होता. लंडनहून पॅरिसला गाडीने जायचं तर मधे बोट लागायची, खाडीखालचा बोगदा १९९४ चा. ल्हासाला रेल्वे नव्हती, ती २००६ ची. आणि कोकणात रेल्वे नव्हती! रोहा ते ठोकूर सलग मार्ग १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू झाला.

म्हणजे कोणी ठरवून इतिहास लिहायला बसलेलं नसताना, एकाच पद्धतीने, एकाच अंतरावरून, जवळजवळ चार दशकं जगाचं चित्रण झालं आहे. डब्यातल्या माणसांच्या हातात आधी वर्तमानपत्र होतं, मग वॉकमन आला, मग मोबाइल. असा साठा दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही.

घाटलोको

निवृत्त लोको पायलट आहे. मुंबई–पुणे घाट बरीच वर्षं केला. कार्यक्रम मुलीने दाखवला म्हणून या धाग्यावर आलो.

मंडळी खिडकी खिडकी म्हणताय, ती बाजूची. आमची समोरची. दोन्हींतून दिसणारी रेल्वे वेगळी असते. बाजूच्या खिडकीतून दरी दिसते, धबधबा दिसतो. समोरून सिग्नल दिसतो, पुढचं वळण दिसतं आणि रुळावर पडलेला दगड असला तर तो दिसतो. पावसाळ्यात मी धबधबा म्हणून धबधबा पाहिल्याचं आठवत नाही. पाणी कुठून येतंय आणि रुळाखालची खडी धुतली जातेय का, हे पाहायचो.

भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात, म्हणजे ढकलणारी इंजिनं. पुढचा ओढतो, मागचे ढकलतात, दोघांचा मेळ जमला नाही तर मधल्या डब्यांना हिसके बसतात. प्रवासी म्हणतात 'ड्रायव्हर नवीन दिसतोय'. उतरताना तर आणखी जपून. घाटात कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा रूळ. रूळ बदलणारा सांधा एरवी त्या चढाच्याच बाजूला लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने तिथे आधी पूर्ण थांबायचं, ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवायचं, मग सिग्नल मिळतो. गाडी सुटलेली असली, ब्रेक लागत नसले, तर ती आपोआप चढावर जाऊन अडकते. प्रवासी वैतागतात की घाटात उगीच का थांबली. उगीच नाही थांबत.

जपानी लोकांनी हे दाखवलं आहे का? दाखवलं नसेल तर दाखवायला हवं.

चकली

काका, हा प्रतिसाद फ्रेम करून कर्जत स्टेशनात लावायला हवा. मी आयुष्यभर 'आता का थांबवली' म्हणणाऱ्यांतली.

मिरज_जंक्शन

घाटलोको काका, नमस्कार. खंडाळ्याजवळच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनबद्दल लिहा ना. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा गाडी एका जागी थांबून उलट्या दिशेने पुढे चढायची, आणि १९२९ मध्ये नवीन वळण काढून ते बंद केलं, एवढं वाचून माहीत आहे.

घाटलोको

बरोबर आहे. माझ्या खूप आधीचं. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग पुढचा चढ. आमच्या जुन्या गुरुजींनी त्यांच्या गुरुजींकडून ऐकलेलं सांगितलं होतं. वाफेच्या इंजिनाला तेवढ्या वेळात पाणी घेता यायचं म्हणे. जुन्या मार्गाच्या खुणा नीट पाहिल्या तर घाटात अजून दिसतात.

फिन्से

नॉर्वेत राहतो. आयडी बर्गन लाइनवरच्या सर्वांत उंच स्टेशनवरून घेतलाय, १२२२ मीटर.

इथल्या सरकारी वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सगळा प्रवास दाखवला होता, सात तासांहून जास्त, जवळजवळ सलग. त्या मार्गाला शंभर वर्षं झाली म्हणून. दहा लाखांवर लोकांनी त्यातला काही ना काही भाग पाहिला, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आतच होती. बोगद्यात काळोख, तर तेवढ्या वेळात जुनी चित्रणं आणि मुलाखती दाखवल्या.

म्हणजे बघा, एकाने सात तास एका दमात दिले, दुसऱ्याने रोज चिमूटभर दिलं. मला विचाराल तर सात तासांचा प्रयोग धाडसी होता, पण तो सण होता. रोजचा वरणभात जपान्यांनी केला. आणि तो जास्त कठीण.

निशिकासाई

@फिन्से, 'रोजचा वरणभात' हे अगदी तसंच आहे!

एक जपानी संदर्भ देते, कारण १९८७ हे साल इथे फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी १ एप्रिलला जपानची सरकारी रेल्वे मोडून तिच्या 'जेआर' नावाच्या वेगवेगळ्या कंपन्या केल्या. कर्ज ३७ लाख कोटी येनच्या घरात गेलं होतं. त्या वर्षांत खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाखा बंद झाल्या, काही स्थानिक संस्थांच्या गळ्यात पडल्या. बरोबर दोन महिन्यांनी, १ जूनला, हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी सरकारने परदेशी जाणाऱ्या जपानी लोकांचा वर्षाचा आकडा पाच वर्षांत एक कोटीवर न्यायची योजना काढली. येन वधारलेला होता. तो आकडा १९९० मध्येच गाठला गेला.

तर एका बाजूला घरच्या शाखा बंद होतायत आणि दुसऱ्या बाजूला जग परवडायला लागलंय. माझ्या सासऱ्यांचं बालपण होक्काइदोतलं. (हो, सासर जपानी आहे.) ते परदेशातल्या छोट्या गाड्या पाहताना नेहमी आपल्या गावच्या गाडीबद्दल बोलतात. होक्काइदोत अजून शाखा बंद होतच आहेत, रुमोई लाइनचा इशिकारी-नुमाता ते रुमोई टप्पा २०२३ मध्ये गेला. पेरूतली गाडी पाहणारा माणूस पेरूच पाहत असतो असं नाही.

हर्षदा_कु

निशिकासाई, हा प्रतिसाद आवडला. माझा आक्षेप कायम आहे, पण हा संदर्भ मला माहीत नव्हता. आपल्याकडे अरुंद रुळांच्या नॅरोगेज गाड्या गेल्या तेव्हा कोणी काय चित्रित करून ठेवलं? हा प्रश्न आता मलाच छळतोय.

अप_डाऊन

१ जून म्हणजे डेक्कन क्वीनचा वाढदिवस! १ जून १९३० ला पहिली फेरी. हे कोणालाच कसं सुचलं नाही?

चकली

म्हणजे पुणेकरांनी ५७ वर्षं आधीच सुरुवात केली होती. नोंद घ्यावी.

अप_डाऊन

आणि डायनिंग कारमधल्या खिडकीला लागून असलेल्या टेबलावर चीज टोस्ट खात खंडाळा पाहणं, हा तर तयार भाग आहे. निवेदकाची गरजच नाही.

वऱ्हाडी

पहिला मार्ग कोणता, या प्रश्नावर सगळे घाट, कोकण करत बसणार हे ठाऊकच होतं. आमची शकुंतला कोणाला आठवणार?

मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. अडीच फुटी रूळ. ब्रिटिश काळात कापूस न्यायला टाकलेला मार्ग, आणि मालकी स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं खाजगी कंपनीकडेच. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. १९९४! तोपर्यंत जपान्यांचा कार्यक्रम सात वर्षांचा झाला होता. माझी आजी यवतमाळहून दारव्ह्याला शकुंतलेनेच जायची. गाडी इतकी हळू की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची, असं सगळेच सांगतात. पण आजी वेगळं सांगायची. ती म्हणायची, गाडीत बसल्यावर कोणाच्या वावरात यंदा कापूस कसा आहे ते नीट पाहून घेता येत होतं. एसटीने ते दिसत नाही. उतरल्यावर तिच्याजवळ अख्ख्या पट्ट्याची खबर असायची. कोणाची बोंडं फुटली, कोणाच्या विहिरीला पाणी आहे, कोणाचं वावर पडीक राहिलं.

खिडकी अशी वापरणारी माणसं होती. नुसती हिरवळ पाहणारी नव्हे.

सांदण

वऱ्हाडी, या धाग्यातला हा माझा सर्वांत आवडता प्रतिसाद. आजींचं सांगणं कुठेतरी लिहून ठेवलंय का?

वऱ्हाडी

नाही. आता आजी नाही. बाबांना विचारून जमेल तेवढं लिहितो.

मिरज_जंक्शन

नॅरोगेजचा विषय निघालाच आहे तर बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीपर्यंत सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा इंजिनिअर. अडीच फुटी रूळ निवडून, प्रत्येक आसावरचा भार पाच टनांत बसवून, कमी वजनाच्या रुळावर किती माल वाहता येतो ते त्याने करून दाखवलं. जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी त्याचं नाव घेतलं. नंतर पंढरपूर, मिरज, लातूर असा मार्ग वाढला. वारीच्या दिवसांत ही गाडी म्हणजे टाळ-मृदंगाचा डबा. छतावर माणसं. आमच्या घरी आषाढीच्या आधी मिरजेच्या फलाटावर वारकऱ्यांना पाणी द्यायला जायची रीत होती. हात खिडकीतून बाहेर येत, तांब्या आत जाई, रिकामा होऊन परत येई. गाडी हलली तरी एखादा तांब्या आतच राहायचा, आणि परतीच्या वारीला आठवणीने परत मिळायचा.

आता ब्रॉडगेज झालं. सोय झाली, वेळ वाचला, त्याबद्दल तक्रार नाही.

गोंयचो_पोर

दूधसागर राहिला की मंडळी! कुळें ते कॅसलरॉक. आमच्याकडे रेल्वे आली ती पोर्तुगिजांच्या काळात, मुरगाव बंदरासाठी. एका बाजूला पोर्तुगीज हद्द, वर कॅसलरॉकला ब्रिटिश. सरहद्द ओलांडणारा घाट होता तो. माझे आजोबा कुळेंचे. ते सांगायचे की कस्टमची तपासणी असायची, बायका नारळाच्या करंड्यांत काय काय लपवून न्यायच्या. चढ इथेही भोर घाटासारखाच, ३७ ला १. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झालं.

जपानी कॅमेरावाला पाहिजे तो इथे. पण पर्यटकांसारखा धबधब्यावरच रोखलेला नको. मालगाडी चढताना पाचेक इंजिनांचा आवाज रानात कसा भरतो, तो पाहिजे.

तिठा

पहिल्यांदाच लिहितेय. कोकणातली आहे, राजापूरची. कोकण रेल्वेचं नाव निघालं की सगळे पानवल नदीवरचा पूल आणि करबुड्याचा बोगदा सांगतात. पूल ६४ मीटर उंच, बोगदा साडेसहा किलोमीटर, अभिमान आहेच. पण खिडकी म्हणाल तर कोकण रेल्वेची अडचणच आहे. अर्धा वेळ बोगदा नाहीतर दोन्ही बाजूंना जांभ्याचं कापलेलं खिंडार. समुद्र दिसेल म्हणून आलेली माणसं हिरमुसतात. मार्ग किनाऱ्यापासून बराच आत आहे.

माझ्या मते कोकण रेल्वेची खरी गोष्ट थांबण्यात आहे. एकेरी मार्ग, समोरून गाडी येणार म्हणून दिवा–सावंतवाडी पॅसेंजर एखाद्या आडस्टेशनात उभी. तेव्हा डब्यातली माणसं खाली उतरतात, कोणीतरी ओळखीचं निघतंच. "तू अमक्याची ना गो?" अशी चौकशी सुरू होते. मे महिन्यात चाकरमानी, हातात आंब्याच्या पेट्या, गणपतीत मखराचं सामान, सीटखाली थर्माकोलचा मोर. आणि पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक, वेग कमी, रात्रंदिवस रुळावर गस्त. अंगावर रेनकोट, हातात बॅटरी घेऊन चालणारा माणूस रात्रीच्या गाडीतून क्षणभर दिसतो. मला त्याच्यावर एक पूर्ण भाग हवा.

घाटलोको

@तिठा, त्या माणसावर भाग हवा हे बोललात, बरं वाटलं. गाडीतल्या हजार-बाराशे लोकांना त्याचं नाव माहीत नसतं. आम्हाला त्याच्या बॅटरीचा हिरवा दिसला की जीव भांड्यात पडायचा.

अप_डाऊन

अवांतर : आता नवीन गाड्यांना खिडकी उघडतच नाही. व्हिस्टाडोम २०२१ पासून डेक्कन क्वीनला लागला, काच मोठी, छतही काचेचं, पण वास नाही, वारा नाही, हात बाहेर काढून पाऊस नाही. फोटोत आतल्या दिव्याचं प्रतिबिंब. जपानी लोक काचेतून असं स्वच्छ कसं काय चित्रित करतात?

फिन्से

जमेल तिथे उघडणाऱ्या खिडकीची गाडी धरतात, बहुतेक. स्वित्झर्लंडच्या बर्निना मार्गावर मी हे स्वतः केलंय. पर्यटकांच्या लाल गाडीला बंद काचा आणि आरक्षणाचे जादा पैसे. त्याच रुळावरून साधी गाडी जाते, तिच्या काही डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात. ऑस्पिझिओ बर्निना, २२५३ मीटर. चढायला मधे दातेरी रूळ नाही, तरी हजाराला सत्तरचा चढ. तिथून खाली इटलीतल्या तिरानोपर्यंत अठराशे मीटर उतार, आणि वाटेत ब्रुसिओला गोल फिरून स्वतःच्याच खालून जाणारा पूल. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं. (डोकं काढू नये, पाटी लावलेली आहे.)

निशिकासाई

आणि त्याच रेल्वेची जपानी बहीण आहे! तोक्योजवळची हाकोने तोझान रेल्वे. १९७९ पासून दोघींचं भगिनीनातं. तिच्या काही गाड्यांना 'सेंट मोरिट्झ', 'बर्निना' अशी नावं आहेत. चढ हजाराला ऐंशी, आणि वर जाताना तीनदा दिशा बदलावी लागते, घाटलोको काकांनी सांगितलेल्या खंडाळ्यासारखीच. ती मात्र अजून चालू आहे. जूनमध्ये रुळाच्या दोन्ही बाजूंना हायड्रेंजिया फुललेले असतात, डब्याला फुलं घासतात.

घाटलोको

तीनदा? आणि चालक दर वेळी दुसऱ्या टोकाला जातो?

निशिकासाई

हो काका, चालक आणि गार्ड जागा बदलतात. फलाटावरून चालत एकमेकांसमोरून जातात.

घाटलोको

हे पाहायला मला जपानला यायला आवडेल.

हर्षदा_कु

मूळ प्रश्नाकडे येते. कार्यक्रम का टिकला, याचं माझ्यापुरतं उत्तर या धाग्यात सापडलं. त्यात निवेदक तुम्हाला काय वाटून घ्यायचं ते सांगत नाही, त्यामुळे निशिकासाईचे सासरे पेरूत होक्काइदो पाहतात आणि वऱ्हाडींच्या आजी असत्या तर त्यांनी पेरूतलं पीक पाहिलं असतं. माझी तक्रार आता त्या कार्यक्रमाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. बोरीबंदर–ठाणे १८५३, जपानची शिंबाशी–योकोहामा १८७२. एकोणीस वर्षं आधी आपल्याकडे गाडी धावली. सांगायला आपल्याकडे कमी आहे का? शकुंतला, बार्शी लाइट चालू असताना कोणी रोज काही मिनिटं कॅमेरा खिडकीत धरला असता तर!

सांजवेळ

जे गेलं ते गेलं, जे चालू आहे त्याचं करू या ना. मी सुरुवात करते. नेरळ–माथेरान. १९०७, दोन फुटी रूळ, पीरभॉय कुटुंबाने बांधलेली. २००५ च्या पुरात वाहून गेली, २००७ मध्ये परत उभी राहिली. माझ्याकडे गाडीतून घेतलेला व्हिडिओ आहे, पार्श्वसंगीत नाही, बोलणं नाही.

सांदण

सांजवेळ, टाका. अटी फक्त तीन ठेवू या : प्रत्येकी पाच मिनिटांच्या आत, मोबाइल आडवा धरलेला, आणि वरून गाणं चढवायचं नाही. मार्ग, गाडी, महिना लिहायचा. डब्यातल्या माणसांचे चेहरे त्यांना विचारूनच.

तिठा

दिवा–सावंतवाडी माझ्याकडे. गणपतीला जातेच आहे. आडस्टेशनातला थांबा पूर्ण घेईन, कितीही वेळ लागो. पाच मिनिटांत बसवायचं कसं ते सांदण बघेल.

गोंयचो_पोर

कुळें–कॅसलरॉक मी. पाऊस थोडा कमी झाला की.

मिरज_जंक्शन

मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी घेतो. काकांच्या जुन्या अल्बममध्ये नॅरोगेजचे कृष्णधवल फोटो आहेत, त्याच जागांवरून आत्ताच्या खिडकीतून काय दिसतं ते शेजारी लावता येईल.

वऱ्हाडी

शकुंतला चालू नाही. पण मूर्तिजापूर ते दारव्हा रुळाच्या कडेने मोटरसायकलने जाऊन जे उरलंय ते घेतो, स्टेशनांच्या पाट्या, पूल, सगळं. बाबा मागे बसून कोणाचं वावर कोणतं ते सांगतील. त्यांचा आवाज ठेवला तर चालेल ना?

सांदण

चालेल काय, तो हवाच.